जुनी गाडी, स्वतःचा पाना

सेकंडहँड मोटरसायकल विकणारा बहुतेक वेळा एकच सांगतो : "गाडीला काही काम नाही, घ्या आणि चालवा." तो खोटं बोलतोच असं नाही. बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं. शेवटचं ऑइल कधी बदललं, ब्रेकचे लायनर कधी टाकले, चेन किती किलोमीटर चालली, याची नोंद आपल्याकडे क्वचितच कुणी ठेवतं. मीटरची केबल मध्ये वर्षभर तुटलेली असेल, तर मीटरवरच्या आकड्यालाही अर्थ उरत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला असा की जुन्या गाडीचा मागचा इतिहास शोधत बसू नका. तो कोरा आहे असं धरा. जे झिजतं, मळतं किंवा आटतं ते सगळं एकदा स्वतः तपासा, लागेल ते बदला, आणि त्या दिवशीची तारीख व मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवा. तिथून पुढचा हिशेब तुमचा. हे एवढं काम नीट केलंत तर गाडीची निम्म्याहून अधिक देखभाल तुम्हाला येऊ लागलेली असते.

शिकण्यासाठी गाडी साधी हवी. मी इथं उदाहरण म्हणून स्प्लेंडर घेतो, कारण महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी तिचे सुटे भाग मिळतात आणि तिची रचना सरळ आहे. हिरो होंडानं ती १९९४ मध्ये आणली. ९७.२ सीसीचं, एकाच सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं इंजिन. रेडिएटर नाही, पाण्याची भानगड नाही, आणि बहुतेक जुन्या गाड्यांना पुढेमागे ड्रम ब्रेक. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं तेव्हा तिच्यात फ्यूएल इंजेक्शन आलं. त्याआधीच्या गाड्यांना कार्बोरेटर आहे. हातात पाना घेऊन शिकायचं असेल तर कार्बोरेटरची गाडी जास्त सोयीची. पॅशन, प्लॅटिना, शाइन यांनाही पुढचं बरंचसं लागू पडतं. आकडे मात्र ज्याच्या त्याच्या पुस्तिकेतले घ्यायचे. गाडीबरोबर पुस्तिका मिळाली नसेल तर आधी ती मिळवा. कंपन्या ती इंटरनेटवरही ठेवतात.

काम सुरू करण्याआधी गाडी धुऊन घ्या. चिखल आणि तेलाच्या थरावर नवी गळती दिसत नाही. धुऊन पुसलेली गाडी दोन दिवस चालवली की गळती कुठून आहे ते कळतं : हेडच्या जोडावरून, गिअरच्या सीलमधून, की ड्रेन बोल्टच्या वॉशरपाशी. धुताना पाण्याचा जोराचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर, सायलेन्सरच्या तोंडात किंवा एअर फिल्टरच्या डब्याकडे मारू नका. धुण्याचा आणखी एक उपयोग म्हणजे चेसिस आणि इंजिन नंबर स्वच्छ वाचता येतात. ते आरसीशी ताडून पाहा आणि गाडी नावावर करून घेण्याचं काम लांबवू नका. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात.

हत्यारं थोडी पण चांगली घ्या. आठ, दहा, बारा, चौदा, सतरा आणि एकोणीस हे रिंग पाने, प्लग पाना, एक चांगला फुली स्क्रूड्रायव्हर, एक सपाट, पकड, हवा मोजायचं गेज, फिलर गेज, आणि ऑइल गोळा करायला रुंद तोंडाचा डबा. फुटपाथवर मिळणारे हलक्या लोखंडाचे पाने घेऊ नका. ते बोल्टच्या डोक्यावरून घसरतात, कडा गोल करतात, आणि मग साध्या बोल्टसाठी वेल्डिंगवाला गाठावा लागतो. पैसे कमी असतील तर संच घेण्याऐवजी रोज लागणारे चार पाने चांगल्या कंपनीचे घ्या.

बहुतेक नवखे सुरुवात ऑइलपासून करतात, कारण ते सोपं वाटतं. मी ब्रेक आणि टायरपासून सुरुवात करायला सांगतो. इंजिन बिघडलं तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. ब्रेक बिघडला तर ती उभी राहत नाही.

ड्रम ब्रेक तपासणं अगदी सोपं आहे. चाकाच्या ब्रेक प्लेटवर एक खूण असते आणि ब्रेकच्या आर्मपाशी बाण. ब्रेक पूर्ण दाबून धरल्यावर बाण खुणेशी आला, तर लायनर संपले. ताण वाढवून काही होणार नाही, ब्रेक शू बदलावे लागतील. बाण अजून अलीकडे असेल तर फक्त अ‍ॅडजस्टमेंट. मागच्या ब्रेकच्या रॉडच्या टोकाला एक नट असतो, तो आवळला की पॅडलचा मोकळा खेळ कमी होतो. पॅडल २० ते ३० मिलिमीटर खाली गेल्यावर ब्रेक लागायला हवा. पुढच्या लिव्हरचा खेळ टोकापाशी १० ते २० मिलिमीटर. अ‍ॅडजस्ट केल्यावर गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये ठेवून मागचं चाक हातानं फिरवा. घासत असेल, अडत असेल, तर नट थोडा सैल करा. सतत घासणारा ब्रेक ड्रम तापवतो आणि अ‍ॅव्हरेज खातो. नंतर किल्ली फिरवून मागचा लाल दिवा पॅडलबरोबर लागतो का ते बघा. त्याची स्विच वेगळी असते आणि तीही पुढेमागे करावी लागते. हा दिवा बंद असलेल्या गाड्या आपल्या रस्त्यांवर फार दिसतात, आणि मागून येणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते.

शू बदलताना चाक काढावं लागतं. पहिल्यांदा हे काम जाणत्या माणसाबरोबर करा. ड्रममधली भुकटी तोंडानं किंवा हवेच्या नळीनं फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसून घ्या. नव्या शूला ग्रीसचा किंवा तेलकट हाताचा स्पर्श होऊ देऊ नका. गाडीला डिस्क ब्रेक असेल तर पॅडची जाडी आणि डब्यातली ब्रेक ऑइलची पातळी पाहणं एवढंच सुरुवातीला करा; हवा काढण्याचं काम नंतर शिका.

टायरवर नक्षी उरली म्हणजे टायर चांगला, असं समजू नका. बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. '२३१९' असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. सहा-सात वर्षांचं रबर कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात, आणि पहिल्या पावसात डांबरावर ते घसरतं, नक्षी कितीही खोल असली तरी. नक्षीच्या खाचांमध्ये मधूनमधून छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की बदलायचाच. हवा टायर थंड असताना भरा. एकट्यासाठी स्प्लेंडरला पुढे २५ आणि मागे २८ पीएसआय. मागे माणूस बसणार असेल तर मागची हवा जास्त लागते, तो आकडा पुस्तिकेत आहे. पंक्चरवाल्याच्या "चालतंय की" या मापावर विसंबू नका. स्वतःचं गेज वापरा.

आता ऑइल. गाडी दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद करा. कोमट ऑइल पातळ होऊन तळाचा गाळ बरोबर घेऊन निघतं. फार तापलेलं असेल तर हात भाजतो. डबल स्टँडवर, सपाट जमिनीवर, इंजिनच्या खाली डबा ठेवून ड्रेन बोल्ट सोडा. स्प्लेंडरचा बोल्ट सतराच्या पान्यानं सुटतो. येणारं ऑइल नीट बघा. काळं असणं स्वाभाविक आहे. दुधासारखं पांढुरकं असेल तर आत पाणी गेलंय. बोटांमध्ये चोळल्यावर चकाकणारा बारीक कण लागला तर थोडी झीज समजता येते, पण दिसण्याजोगे धातूचे तुकडे निघाले तर ऑइल भरून गाडी चालवू नका, मेकॅनिकला ते तुकडे दाखवा.

बोल्ट परत लावण्याचा क्षण या सगळ्या कामातला सगळ्यात नाजूक. इंजिनचं आवरण अ‍ॅल्युमिनियमचं आहे आणि बोल्ट पोलादाचा. वाकडा बसवून जोर लावला तर आटे इंजिनचे जातात, बोल्टचे नाही. म्हणून बोल्ट आधी बोटांनी फिरवा. तीन-चार फेरे बोटांनीच सहज गेले पाहिजेत. अडला तर उलटा काढा आणि पुन्हा सुरू करा. वॉशर नवा टाका, मग पान्यानं आवळा. पाय देऊन किंवा पान्याला पाइप लावून नव्हे, मनगटाच्या जोरानं. आधी बोटांनी बसवण्याचा हा नियम गाडीवरच्या प्रत्येक नटबोल्टला आहे आणि जो हा नियम पाळतो त्याचे आटे मारायचे पैसे वाचतात.

ऑइल कुठलं? पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं, या गाडीला १०डब्ल्यू-३०, आणि बाटलीवर 'जासो एमए' लिहिलेलं. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ घातलेले असतात. ते इथं ओतले की क्लच प्लेटा सटकू लागतात, रेस वाढते पण गाडी पळत नाही. बाटली सगळी रिकामी करू नका. थोडं राखून भरा, गाडी दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करून तेवढाच वेळ थांबा, मग डिपस्टिक पुसून आत ठेवा. आटे न फिरवता नुसती टेकवायची. दोन रेघांच्या मध्ये, वरच्या रेघेजवळ ऑइल दिसलं पाहिजे. जास्त भरणं हेही नुकसानच. या इंजिनला कागदी फिल्टर नाही; आत जाळी असते आणि तिच्यासाठी उजव्या बाजूचं कव्हर उघडावं लागतं. जुन्या गाडीची ती जाळी एकदा मेकॅनिककडून साफ करून घ्या. पहिलं बदललेलं ऑइल पाचशे ते हजार किलोमीटरवर पुन्हा काढून टाका, कारण नवं ऑइल जुना साचलेला गाळ सोडवतं. त्यापुढे पुस्तिकेतलं अंतर पाळा.

निघालेलं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका, वाळवीसाठी दारखिडक्यांनाही लावू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजमध्ये द्या; तिथून ते पुनर्वापरासाठी गोळा करणाऱ्यांकडे जातं.

प्लग काढताना इंजिन थंड हवं. काढण्याआधी त्याच्या खाचेतली माती ब्रशनं झाडा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. प्लगचं टोक तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी दिसली तर आधी एअर फिल्टर बघा. तो तुंबला की इंजिनला पेट्रोल जास्त आणि हवा कमी मिळते. प्लग तेलानं ओला असेल आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर इंजिन ऑइल जळतंय. तो रिंगचा किंवा व्हॉल्व्ह सीलचा दोष, आणि तो घरी सुटणार नाही. टोक पांढरंफटक असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, इंजिन जास्त तापतंय. फिलर गेजनं गॅप मोजा, प्लग बोटांनी बसवा, आणि नवा असेल तर टेकल्यावर अर्धा फेरा आवळा. तोच जुना परत लावत असाल तर अगदी थोडा. फोमचा एअर फिल्टर धुता येतो, पण पेट्रोलनं धुण्याची सवय सोडा. कागदी फिल्टर धुवायचाच नाही. तो झटकून तपासायचा आणि काळा पडला की बदलायचा. रोजचा रस्ता धुळीचा असेल, उसाच्या ट्रॅक्टरमागून किंवा खडीच्या रस्त्यानं जाणं असेल, तर पुस्तिकेतल्या अंतराच्या निम्म्यावरच बदला.

चेनकडे लोक आवाज आल्यावरच बघतात. स्प्लेंडरची चेन कव्हरमध्ये झाकलेली असते, त्यामुळे दुर्लक्ष आणखी होतं. कव्हरच्या मध्ये रबरी बूच असतं, ते काढून चेन बोटानं वरखाली करा. साधारण २० ते ३० मिलिमीटर खेळ असावा. चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी मोजा, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. जिथं सगळ्यात घट्ट लागते तिथलं माप धरा. ताण द्यायचा तर मागच्या चाकाचा एक्सल नट सैल करा आणि दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवा. चिमट्यावर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर, दोन्हीकडे खुणा असतात, त्या मोजून जुळवा. एका बाजूला एक खूण कमी-जास्त झाली की चाक तिरकं बसतं, चेन एका कडेनं झिजते आणि गाडी ओढ घेते. एक्सल नट घट्ट केल्यावर खेळ पुन्हा मोजा, आणि मागचा ब्रेक पुन्हा अ‍ॅडजस्ट करा. चाक मागे सरकलं की ब्रेकचा रॉडही ताणला जातो. हे अनेक जण विसरतात.

चेनला पुस्तिकेत सांगितलेलं गिअर ऑइल द्या. इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल चालत नाही, त्यात धातूचे कण असतात. आणि ही गोष्ट मी जितक्या कळकळीनं सांगता येईल तितकी सांगतो : इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला कधीही फडकं लावू नका. फडकं स्प्रॉकेटमध्ये ओढलं जातं आणि त्याबरोबर बोटं. चाक हातानंच फिरवा. स्प्रॉकेटचे दात आकडीसारखे वाकलेले दिसले तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला. नवी चेन जुन्या दातांवर लवकर खराब होते.

क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबल टोकापाशी एकेक तार सुटून तुटतात. लिव्हरजवळ बघा, एखादी तार उसवलेली दिसली तर लगेच बदला. क्लचची एक केबल सीटखाली बांधून ठेवलेली बरी, विशेषतः घाटातून जाणं-येणं असेल तर. क्लच लिव्हरलाही १० ते २० मिलिमीटर मोकळा खेळ हवा. तो शून्य झाला की क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि प्लेटा जळतात.

बॅटरी काढताना आधी वजा टोक सोडा, मग अधिक. लावताना आधी अधिक, मग वजा. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी जमली असेल तर गरम पाण्यानं धुऊन, कोरडी करून वर पेट्रोलियम जेली लावा. जुन्या प्रकारच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं. पाऊस सुरू होण्यापूर्वी हे काम करून घ्या.

कार्बोरेटर नवख्याला फार खुणावतो. तिथं सुरुवातीला दोनच गोष्टींना हात लावा. एक, रेसचा स्क्रू : गाडी पूर्ण तापल्यावर इंजिन मिनिटाला साधारण १४०० फेऱ्यांवर शांत चालेल असा. दुसरी, खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा धरतं. गाडी महिनाभर उभी असेल तर वाटीतलं जुनं पेट्रोल बाटलीत काढून टाका. जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या वाकवून बघा. भेगा दिसल्या, रबर फुगलेलं किंवा कडक झालेलं वाटलं, तर नळी बदला. हे काम उघड्यावर, इंजिन थंड असताना, जवळपास विडी-सिगारेट, देवघर किंवा गॅस नसताना करायचं. बंद पार्किंगमध्ये किंवा खोलीत इंजिन चालू ठेवून कामही करू नका. त्या धुराला रंग-वास नसतानाही तो जीव घेतो.

टॅपेट सेटिंग पुढच्या टप्प्यावर शिका, आणि शिकवणाऱ्या माणसाकडूनच. क्लच प्लेट, टायमिंग चेन, हँडलचा कोन सेट, चिमट्याचे बुश, पुढच्या शॉकॉपची सील ही कामं खास हत्यारं आणि अनुभव मागतात. ती मेकॅनिकला द्या. पण गाडी टाकून निघून जाऊ नका. त्याची हरकत नसेल तर शेजारी उभे राहा, काय काढलं ते बघा, जुना भाग मागून घ्या. चांगला मेकॅनिक शिकणाऱ्याला हाकलत नाही. उलट नेमकी तक्रार सांगणारा गिऱ्हाईक त्याला आवडतो : 'गाडी आवाज करते' यापेक्षा 'तिसऱ्या गिअरमध्ये, चढावर, उजव्या बाजूनं आवाज येतो' असं सांगणारा.

सुटे भाग घेताना जुना भाग हातात घेऊन जा. एकाच नावाच्या गाडीचे वर्षागणिक बदल असतात. पुण्यात नाना पेठेत, किंवा आपापल्या शहराच्या स्पेअर पार्टच्या बाजारात, तोच भाग तीन किमतींत मिळतो. सीटचं कव्हर, आरसा, फूटरेस्टचं रबर स्वस्तातलं घेतलं तरी चालेल. ब्रेक शू, चेन, केबल, टायर आणि बेअरिंग यांत मात्र स्वस्तातला माल घेऊ नका.

वही गाडीच्याच टूलबॉक्सजवळ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. तारीख, मीटर, काय तपासलं, काय बदललं, कुठल्या कंपनीचा भाग, किती पैसे. सहा महिन्यांनी ही वही तुम्हाला कुठल्याही मेकॅनिकपेक्षा जास्त सांगेल, आणि उद्या गाडी विकायची झाली तर घेणाऱ्याला दाखवायला तुमच्याकडे "काही काम नाही" यापेक्षा खरं काहीतरी असेल.

काम संपलं की पाने मोजून परत ठेवा. मग गाडी गल्लीतच, कमी वेगात चालवा. दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावून बघा, थांबून खाली ऑइलचा थेंब आहे का ते पाहा. दुसऱ्या दिवशी जे जे नट सोडले होते त्यांना पुन्हा एकदा पाना लावा. आणि ब्रेकच्या किंवा चाकाच्या कामाबद्दल मनात थोडीही शंका असेल, तर गाडी चालवत नेऊ नका. ढकलत गॅरेजपर्यंत न्या आणि दाखवून घ्या.